देवासाठी सोडलेले पान आणि बन्सोड बाबूजी

त्या सकाळी मी नारळ, हळद-कुंकू आणि तांब्याभर पाणी घेऊन माझ्या नव्या प्लॉटवर गेलो होतो. मार्गशीर्षाची थंडी होती. धान कापून झाले होते. आंधळगावहून मोटारसायकलवर येता येता बोटे बधिर झाली होती. आपल्या नावाच्या जमिनीवर पहिला नारळ आपल्या हाताने फुटावा, एवढीच त्या दिवशीची इच्छा होती.

लेआउटच्या कमानीतून आत शिरलो, तर कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळापाशी एक उंच, सडपातळ गृहस्थ उकिडवे बसून सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, माती उकरत होते. डोक्याला मफलर, पायात जाड बूट. पाण्याच्या खात्याचे कोणी असतील असे मला वाटले. मी बाजूने जात होतो तेवढ्यात त्यांनी नळ दोन्ही हातांनी धरला आणि वर ओढला. नळ सगळाच्या सगळा बाहेर आला. त्याला खाली हातभर पाइप होता. पाइपाच्या तोंडात बारदान्याचा बोळा कोंबलेला होता. पुढे नुसती माती.

ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पाहा जी. नळ हाय, पाणी कुठून येईल ते मालूम नाई."

त्यांनी तो नळ होता तसा पुन्हा खड्ड्यात उभा केला आणि बुटाने माती दाबली. वस्तू दुसऱ्याची आहे, जशी होती तशी ठेवली पाहिजे, असे म्हणाले. माझ्या हातातला नारळ पाहून त्यांनी रस्ता सोडला. "फोडा, फोडा. जमीन तर खरी हाय. नळाचं मी पायतो."

श्री. सुखदेवराव बन्सोड यांची आणि माझी ही पहिली ओळख. आमच्या लेआउटमध्ये लहानथोर त्यांना बाबूजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्या दिवशी मात्र मला त्यांचा राग आला होता. भूमिपूजनाच्या वेळी या माणसाने अशुभ बोलावे, असे वाटले. मी नारळ फोडला, उदबत्ती लावली, आणि तो नळ मुद्दाम पाहिला नाही. पुढची सगळी वर्षे मी हेच केले. बाबूजींच्या अमृतमहोत्सवी वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिताना मला ते पहिल्यांदा सांगितले पाहिजे.

लेआउटचे नाव मी इथे लिहीत नाही. मालकाने ते एका देवाच्या नावावरून ठेवले आहे, आणि पुढे जे लिहायचे आहे त्यात देवाचे नाव घालायला माझा हात धजत नाही. मालकाला आम्ही सगळे शेटजी म्हणतो, तेवढे पुरे.

बाबूजींचे मूळ गाव सिहोऱ्याकडचे. फिटरचे शिक्षण घेऊन ते जवाहरनगरच्या वसाहतीत पाण्याच्या आणि विजेच्या देखभालीवर लागले, आणि सगळी नोकरी त्यांनी तिथेच केली. क्वार्टरांच्या कोणत्या ओळीखालून कोणता पाइप जातो, तो कुठे वळतो, हे ते आजही डोळे मिटून सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्याकडे प्लॉट घेतला, आणि घर बांधण्याआधी पंधरा दिवस सब्बल घेऊन फिरले. त्यांनी सगळे नळ उपसून पाहिले. खांबांच्या बुडाशी खणून पाहिले. खांब दोन फूट मातीत नुसते रोवलेले होते, खाली ना गिट्टी, ना सिमेंट. वर तार नव्हती, आणि तार आली असती तरी ती जोडायला रोहित्र नव्हते. प्लॉट विकायला काढले तेव्हा आम्हाला दाखवण्यासाठी हे सगळे उभे केले होते, आणि आम्ही ते पाहून सह्या केल्या होत्या. आमच्यात शिक्षक होते, बँकेतले होते, मी स्वतः राईस मिलचा मुनीम. पोत्यात बांबी, ती नमुना काढायची पोकळ सळई, खुपसून धान तपासल्याशिवाय मी गाडी आत घेत नाही. पण घराच्या जागेखाली काय आहे हे खणून पाहावे, असे बाबूजींखेरीज एकालाही सुचले नाही.

त्यांनी दुसरे काम केले ते कागदाचे. लेआउटच्या मंजुरीचा आदेश त्यांनी मिळवला आणि घरोघरी जाऊन वाचून दाखवला. रस्ते, नाल्या, पाण्याची टाकी, पाइपलाइन, खांब आणि रोहित्र हे सगळे मालकाने स्वतःच्या खर्चाने करायचे होते. ते होईपर्यंत काही प्लॉट मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडे हमी म्हणून अडकवून ठेवलेले होते. बाबूजी त्या ओळीवर बोट ठेवत आणि म्हणत, "ते प्लॉट सुटले का आपण बुडालो. जमिनीखालचा खर्च कोणाले दिसत नाई. म्हणून तो कोणाच्याबी अंगावर टाकता येते." आम्ही मान हलवायचो. चहा द्यायचो. ते गेल्यावर, म्हाताऱ्याला निवृत्तीनंतर काम नाही, असे म्हणायचो.

आता त्या वहीबद्दल.

शेटजींनी पाणी दिले नाही, वीज दिली नाही, पण मंदिर दिले. मोकळ्या जागेत मारुतीचे सुंदर मंदिर बांधून दिले. मी वारकरी घरातला नसलो तरी रोज हरिपाठ म्हणतो, शनिवारी मारुतीला जातो. शेटजींनी मला बोलावून सांगितले, "सेलोकरभाऊ, मंदिराचं तुम्हीच पाहा, तुमच्यासारखा देवभक्त माणूस पाहिजे." मला त्याचा किती आनंद झाला हे आज लिहिताना लाज वाटते.

प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी महाप्रसाद होता. शेटजींच्या मॅनेजरने नवी जाड वही आणून दिली. पहिल्या दिवशी जी कुटुंबे हजर आहेत त्यांची नावे आणि सह्या असू द्या, पुढच्या पिढीला कळेल, असे तो म्हणाला. विचार मलाही आवडला. आमच्याकडे कोणतीही नवी वही सुरू करताना पहिले पान देवाला सोडतात. वर श्री लिहायचा आणि बाकी पान कोरे ठेवायचे. त्यावर माणसाने काही लिहायचे नाही. माझ्या वडिलांच्या वह्यांना हे पान असे, मिलच्या वह्यांना आहे, माझ्या मुलीच्या शाळेच्या वह्यांनाही मी लावून दिले आहे. त्या वहीतही मी पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने श्री लिहिला, आणि दुसऱ्या पानापासून सह्या घ्यायला सुरुवात केली.

बाबूजी त्या दिवशी सकाळीच आले होते. तांदळाचे एक पोते त्यांनी सायकलला बांधून आणले होते. दुपारी पंगतीत वरण वाढत होते. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी हात धुतले, पुसले, वही घेतली आणि उलटी पाने चाळत पहिल्या पानाशी येऊन थांबले.

"हे काहून कोरं हाय जी?"

मी सांगितले, ते देवाचे पान आहे, आमच्याकडे तशी रीत आहे.

"रीत चांगली हाय. वही कोणापाशी राहील?"

मंदिराचे कपाट येईपर्यंत मॅनेजरच्या ऑफिसात राहील, असे मी म्हणालो. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "मग माझी राहू द्या. तुमच्या देवावर माझा राग नाई, भाऊ. कोरं पान शेटजीच्या कपाटात राहून राहिलं, म्हणून म्हणतो."

शेजारी बसलेले आमचे एक मित्र, ते आज गौरव समितीत आहेत, हसून म्हणाले, "बाबूजी, सहीच मांगून राहिलो. किडनी नाई मांगत."

बाबूजीही हसले. "किडन्या दोन असतात. सही एकच हाय." आणि वरणाची बादली उचलून पुढच्या पंगतीकडे गेले.

त्यानंतर मी जे बोललो ते मी आजवर कुठेही कबूल केलेले नाही. पाच-सहा जण उभे होते. एकाने विचारले, बाबूजींनी सही का केली नाही? कारण मला माहीत होते. त्यांनी ते माझ्या तोंडावर सांगितले होते. पण मी म्हणालो, "जाऊ द्या. मारुतीच्या वहीत ते कशी सही करतील? त्यांचा धर्म वेगळा." मी हे रागाने म्हणालो नाही. मोठ्या समजूतदारपणे, त्यांना सांभाळून घेतल्यासारखे म्हणालो. रागाने बोललो असतो तर कोणी तरी अडवले असते. समजुतीने बोललो म्हणून ते सगळ्यांना पटले.

दिवस मावळेपर्यंत लेआउटभर झाले की बन्सोड बाबूजींनी मंदिराला विरोध केला. ज्यांच्या पानात त्यांनी वरण वाढले होते त्यांनीही ते मान्य केले. बायकांच्या भिशीतून त्यांच्या पत्नी कौसल्याबाई यांचे नाव गळले. कोणी काढले असे नाही, फक्त पुढच्या महिन्यापासून त्यांना कळवणे बंद झाले. आपल्यात माणसाला बाहेर काढायला भांडण लागत नाही. कळवणे बंद केले की पुरते.

पुढच्या काही महिन्यांत हमीचे प्लॉट सुटले. शेटजींनी ते विकले. आम्ही कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या बाबूने शांतपणे सांगितले की सगळ्या सुविधा मिळाल्याचे रहिवाशांनीच लिहून दिले आहे, साठेक सह्या आहेत. आमच्यातल्या प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिले. कोणी लिहून दिले, कधी दिले, कोणालाच आठवेना. मला आठवायला हवे होते. पण सह्यांचा कागद आणि मारुतीची वही यांची गाठ मी मनात पडू दिली नाही. विजेच्या कार्यालयाने खांब, तार आणि रोहित्राचा खर्च रहिवाशांनी भरावा असे पत्र दिले. अंधारात किती दिवस राहणार? घरटी वर्गणी ठरली. जे शेटजींनी प्लॉटच्या किमतीत एकदा घेतले होते, ते आम्ही दुसऱ्यांदा भरले.

बाबूजींनी वर्गणी सगळ्यांत आधी भरली. लोकांची लाइट अडकायला नको, असे ते म्हणाले. पण पावतीवर सहीच्या वर त्यांनी दोन शब्द लिहिले, 'निषेधासह भरले'. वर्गणी गोळा करणारे हसले. म्हणाले, पैसे तेवढेच लागले ना बाबूजी, मग हे कायले? बाबूजींनी पावती घडी करून खिशात ठेवली. मला आता कळते. आम्ही सगळ्यांनी पैसे भरले आणि त्यासोबत, हे आमचेच देणे होते, हेही कबूल करून टाकले. त्यांनी फक्त पैसे भरले.

त्यानंतर एके सकाळी ते माझ्या घरी आले. मी पूजेत होतो. ते ओसरीवर बसून राहिले, आवाज दिला नाही. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी पिशवीतून एक कागद काढून खाटेवर ठेवला. माहितीच्या अधिकारात त्यांनी कार्यालयातून ती प्रत मिळवली होती. कागदाच्या वर श्री होता. माझा श्री. त्याची वेलांटी मी जरा लांब ओढतो, वडिलांसारखी. आणि त्याच्याखाली, देवासाठी सोडलेल्या जागेत, दुसऱ्याच अक्षरात लिहिले होते की आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी लिहून देतो की लेआउटमालकांनी रस्ते, नाल्या, पाण्याची लाइन, खांब, रोहित्र इत्यादी सर्व सुविधा स्वखर्चाने पूर्ण केल्या असून आमची कोणतीही तक्रार नाही. मागे महाप्रसादाच्या सह्या. पहिली सही माझी.

 त्या पानावर माणसाने लिहायचे नसते, एवढेच पहिल्यांदा मनात आले.

बाबूजी म्हणाले, "श्री तुमचा हाय. खालचं अक्षर तुमचं नाई. मले मालूम हाय. पण मी सांगून कोण आयकते? माझी तर त्यात सहीच नाई. पान कोरं होतं, हे तुम्हीच सांगू शकता."

मी आत चहा सांगितला. ते पुढे म्हणाले, "कवा सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी कोणाले बोललो नाई, बोलणार बी नाई." चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले.

या गोष्टीला तीन वर्षे झाली. त्यांनी पुन्हा एकदाही विषय काढला नाही. रोज भेट व्हायची. माझ्याबद्दल एक शब्द बोलले असते तर लेआउटने मला दारात उभे केले नसते, आणि त्यांच्यावरचा मंदिरविरोधाचा डाग त्याच दिवशी धुऊन निघाला असता. ते बोलले नाहीत. आणि मीही बोललो नाही. माझ्याकडे कारणे होती. देवाचे नाव कचेरीत ओढले जाईल. हनुमान जयंतीचा खर्च शेटजी देतात, तो बंद होईल. मंदिरात फूट पडेल. ही कारणे मी रोज मारुतीसमोर उभा राहून मनात म्हणत असे. ती देवाला सांगायची कारणे नव्हती, देवामागे लपायची होती.

या तीन वर्षांत बाबूजींनी काय केले तेही सांगतो. मंदिराच्या आवारातली बोअरवेल हाच लेआउटचा एकमेव पाण्याचा आधार. तिची मोटर आणि तिथून आम्ही घरोघर ओढलेल्या प्लास्टिकच्या नळ्या ते सांभाळतात. एका हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी मोटर जळाली. महाप्रसादाला पाणी नाही. ज्यांनी मंदिराला विरोध केला असे आम्ही म्हणत होतो, त्यांनी ती बाहेर काढली, भंडाऱ्याहून तिची जळलेली तार नव्याने गुंडाळून आणली आणि दिवस बुडायच्या आत पुन्हा बोअरमध्ये सोडली. आरतीला बोलावले तर म्हणाले, "तुम्ही करा. मी पाण्याचा वॉल पायतो."

शेवटच्या गल्लीतल्या निर्मलाबाई एकट्या राहतात. त्यांच्या घरापर्यंत पाणीच पोहोचत नव्हते आणि त्या भांडतात म्हणून कोणी त्यांचे ऐकत नव्हते. बाबूजी रंगाचा पाच लिटरचा रिकामा डबा आणि मनगटावरचे घड्याळ घेऊन घरोघर फिरले. कोणाच्या नळाखाली डबा किती वेळात भरतो ते त्यांनी पाटीवर लिहिले आणि पाटी मंदिराच्या भिंतीला टेकवली. आमच्या घरी डबा भरायला जेवढा वेळ लागत होता त्याच्या कितीतरी पट निर्मलाबाईंच्या घरी लागत होता. तेव्हापासून शेवटच्या गल्लीला पाणी आधी सुटते. निर्मलाबाई आता भांडत नाहीत असे नाही, पण बाबूजींशी भांडत नाहीत.

यावर्षी नवी पाणीयोजना आली. मोठी लाइन आमच्या कमानीसमोरून गेली. आम्ही आनंदाने अर्ज केला. उत्तर आले की या लेआउटमध्ये अंतर्गत पाइपलाइन अस्तित्वात असल्याने योजनेतून नवी लाइन टाकता येत नाही. काही दुरुस्ती असल्यास रहिवाशांनी स्वखर्चाने करावी. म्हणजे कागदावर आमच्या घरी पाणी येते आहे. हातभर पाइपाला दुरुस्ती! कार्यालयातून एक जण येऊन तो नळ ओढून पाहू शकला असता. बाबूजींनी दोनदा विनंती केली. मोटारीतून उतरून कोणी वाकायला तयार नाही. बोअर आटते तेव्हा साठ घरांच्या बायका उन्हाळाभर ड्रम लोटतात, आणि एका टेबलावरचा कागद म्हणतो की त्या लोटत नाहीत. मी शांत स्वभावाचा माणूस आहे असे लोक समजतात. ते पत्र वाचून मी टेबलावर आपटले. त्या पत्राचे मूळ माझ्या श्रीखाली होते.

त्याच महिन्यात बाबूजींच्या पंच्याहत्तरीची बैठक झाली. मंदिरातच झाली. ज्यांनी किडनीचा विनोद केला ते शालीचा रंग ठरवत होते. ज्यांनी भिशीचे कळवणे बंद केले त्यांच्या घरचे कौसल्याबाईंच्या साडीबद्दल बोलत होते. मला सांगण्यात आले की तुम्ही बाबूजींच्या शांत, निगर्वी स्वभावावर लिहा, वादाचे नको. आणि शेवटी आनंदाने जाहीर झाले की ग्रंथाच्या छपाईचा भार शेटजी उचलणार आहेत, मागच्या पानावर त्यांची पानभर जाहिरात राहील.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या माणसाला आजवर कोरे पान मिळाले की त्याने ते भरले. आता हे आपण आपल्या हाताने देऊन राहिलो."

कोणाला काही समजले नाही. मग मी वहीची गोष्ट सांगितली. श्रीपासून शेवटच्या सहीपर्यंत. मी काय बोललो होतो तेही सांगितले, शब्द न बदलता.  काही जण उठून गेले. एकाने मला मंदिराच्या समितीतून राजीनामा द्यायला सांगितले, तो मी तिथेच दिला. हा लेख छापलेला तुमच्या हातात आहे, तेव्हा ती जाहिरात छापलेली नाही असे समजावे. दोन्हींतले एकच छापा, असे मी सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन बाबूजींकडे गेलो. रात्री जागून लिहिला होता. त्यात सगळा दोष मी स्वतःवर घेतला होता. माझ्या अज्ञानामुळे, माझ्या निष्काळजीपणामुळे, असे पानभर होते. त्यांच्याबद्दल बोललेल्या शब्दांची माफी मी तोंडाने मागितली. ते अंगणातल्या पेरूकडे वळले. मग म्हणाले, "मले मालूम होतं ते. कौसल्याबाईले लागलं होतं. तिले सांगा." मी आत जाऊन सांगितले.  जाताना त्यांनी मला पेरू दिले.

मसुदा त्यांनी चष्मा लावून वाचला, आणि पेन्सिलीने जवळजवळ सगळा खोडला.

"देवाचं पान सोडलं, ते चूक नाई. ते काहून लिहिलं? पान भरलं कोणं, ते लिहा. तुमी गप्प राहिले, ते लिहा. पण चूक आणि लबाडी एका वाक्यात लिहू नका, भाऊ. मग वाचणारा लबाडी सोडते आणि चूक धरते."

पंच्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात बाबूजी कोणावर मोठ्याने ओरडल्याचे कोणी सांगत नाही. त्यामुळे समितीला वाटते की त्यांना राग येत नाही. मला वाटते, आमच्या सगळ्यांत खरा राग एकट्या त्यांनाच आला. त्यांनी तो इकडेतिकडे सांडला नाही, माझ्यासारखा स्वतःच्या छातीवरही मारून घेतला नाही. जिथे पोहोचायला हवा तिथे पोहोचेपर्यंत त्यांनी तो नीट धरून ठेवला. पाण्याची लाइन सांभाळणाऱ्या माणसाला हे जमते. गळती राहिली तर शेवटच्या घराला थेंब मिळत नाही, हे त्याला माहीत असते.

बाबूजींना खूप आयुष्य लाभो, आणि ते हिंडते-फिरते, सब्बल उचलता येईल असे लाभो. एक दिवस आमच्या कोपऱ्यावरचा नळ त्यांनी पुन्हा ओढून पाहावा आणि तो त्यांच्याने हलू नये. शेवटच्या गल्लीत, निर्मलाबाईंच्या दारात, डबा आणि घड्याळ घेऊन ते उभे असावेत आणि डबा आमच्या घराइतक्याच वेळात भरावा. कौसल्याबाईंची त्यांना साथ असावी. मारुतीजवळ मी हेच मागतो, आणि बाबूजी ज्यांना वंदन करतात त्या तथागतांनाही हात जोडून हेच म्हणतो.

गेल्या सोमवारी सकाळी मी ते प्रतिज्ञापत्र कार्यालयात दिले. पान कोरे होते, श्री माझा आहे, खालचा मजकूर माझा नाही आणि त्या सह्या महाप्रसादाच्या आहेत, असे त्यात लिहिले आहे. तीन वर्षे मला हे माहीत होते, हेही लिहिले आहे. हमीचे प्लॉट सोडल्याचा आदेश रद्द करावा आणि पाण्याच्या लाइनचा खर्च मालकाकडून वसूल करावा, अशी मागणी आहे. आवक शिक्का मारून प्रत घेतली. प्रतिज्ञापत्राच्या तळाशी एक ओळ असते, 'प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास मी ओळखतो.' त्या ओळीखाली कोणाची तरी सही लागते. बाबूजी माझ्यासोबत आले होते. त्यांनी पाने मोजली, पुढून-मागून पाहिली, कुठे जागा कोरी राहिली होती तिथे रेघ मारायला लावली. मग पहिल्यापासून सगळे वाचले आणि त्या ओळीखाली आपली सही केली.